होडीला अर्थ नसतो

मी होड्यांची वायरिंग करतो असं सांगितलं की नवा माणूस विचारतो, "म्हणजे मुंबईला असता का?" मी सांगतो, "नाही, घोडेगावला." मग तो आधी माझ्याकडं बघतो आणि मग आभाळाकडं. नगर जिल्ह्यात होड्या? जिथं होळी झाली की टँकरची वाट बघायची, तिथं? आमचे व्याही तर चारचौघांत माझी ओळख 'कोरड्या विहिरीतले नावाडी' अशीच करून देतात. व्याह्यांना काय बोलणार!

पण पाणी आमच्याकडं आहे. पडत नाही, साठतं. मुळा धरण आहे, वर भंडारदरा आहे, खाली कर्जतच्या अंगाला उजनीचा फुगवटा येतो आणि नेवासा-शेवगावच्या अंगाला जायकवाडीचा. धरणाच्या भिंतीनं अडलेलं पाणी मागं मागं सरकत जिथवर पोचतं, तो फुगवटा. भिंत दुसऱ्या जिल्ह्यात आणि बुडालेली गावं आमची, असा तो हिशेब. त्या पाण्यात मासे आहेत, माशांमागं माणसं आहेत आणि आता त्या माणसांच्या होड्यांत मासे दाखवणारी यंत्रं आली आहेत. ती बसवायला कुणीतरी लागतं. तो मी.

मूळचा मी ट्रॅक्टर-टेम्पोचा वायरमन. घोडेगावला जनावरांचा मोठा बाजार भरतो. बाजाराच्या दिवशी रस्त्याला पिकअप गाड्यांची रांग लागते आणि त्यातल्या निम्म्यांचा मागचा दिवा बंद असतो. व्यापारी म्हशीचे दात बघून वय सांगतात, मी वायरी बघून आधीचा मिस्त्री किती आळशी होता ते सांगतो. एकदा एका ठेकेदारानं मुळा धरणावरची होडी ट्रॉलीवर घालून माझ्या दुकानापुढं उभी केली. "बारा व्होल्टच आहे ना? मग करा," म्हणाला. केलं. एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि हळूहळू दुकानात ट्रॅक्टर कमी आणि होड्यांचे फोन जास्त असं होऊन बसलं.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी मागून सांगेलच. एक म्हणजे मला पोहता येत नाही. दुसरी म्हणजे माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, मासळी मी खात नाही. बायकोचं म्हणणं, "गळ्यात माळ अन् हातात मासे धरायचं यंत्र. वर गेल्यावर काय सांगणार?" मी म्हणालो, "मी धरत नाही, फक्त दाखवतो." त्यावर ती म्हणाली, "चोराला घर दाखवणारा मग कोण असतो?"

आता हे यंत्र काय करतं ते सांगतो. फिश फाइंडरचे दोन भाग असतात. एक स्क्रीन, ती सगळ्यांना दिसते. दुसरा पाण्याखाली होडीच्या मागच्या फळीला बसवलेला काळा ठोकळा, तो कुणाला दिसत नाही आणि सगळं काम तोच करतो. कंपनीनं त्याला लांबलचक नाव दिलंय. आम्ही त्याला कान म्हणतो. तो पाण्यात आवाज सोडतो, आपल्याला ऐकू न येणारा, आणि तळाला आपटून परत येणारा आवाज ऐकतो. आवाज जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खोल ते कळतं. विहिरीत दगड टाकून आपण जे लहानपणी करायचो तेच, फक्त हा दम न खाता करत राहतो. वाटेत मासा आला तर आवाज त्याच्यावर आपटून लवकर परत येतो आणि स्क्रीनवर कमान उमटते. बुडालेली भिंत, झाडाचा बुंधा, जुनी विहीर, सगळं उमटतं. फक्त कानाखालून पाणी शांत गेलं पाहिजे. बुडबुडे आले की तो बहिरा.

एकाच कानावर दोन स्क्रीन चालवायच्या, शिवाय होडी कुठं आहे ते सांगणारी तबकडी जोडायची, की मग नेटवर्क करावं लागतं. हे शब्द ऐकून लोक घाबरतात. मी त्यांना म्हणतो, तुमच्या शेतात ठिबक आहे ना? मधून मेन लाइन, तिला टी लावून फाटे, आणि लाइनच्या दोन्ही टोकांना एंड कॅप. कॅप निघाली की पाणी बांधावर आणि झाडं कोरडी. इथंही तेच, पाण्याऐवजी माहिती वाहते. दोन्ही टोकांना टोपणं नसली तर स्क्रीन एकमेकींना ओळखत नाहीत. शेतकऱ्याला हे एका दमात कळतं.

बाकी माझा धंदा म्हणजे जोड. बिघाड यंत्रात क्वचित असतो, जोडात असतो. ट्रॅक्टरवर दोन वायरी पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली तरी हंगाम निघतो. होडीत तीच पट्टी ओलाव्यानं सुटते आणि आतलं तांबं हिरवं पडतं. म्हणून मी वायरीच्या टोकाला थिंबल, म्हणजे तांब्याची छोटी नळी, दाबतो, वर स्लीव्ह चढवून गरम करतो आणि पट्टी घेऊन येणाऱ्या माणसाशी आठवडाभर बोलत नाही. हे जरा जास्त आहे, मला मान्य आहे.

मुळा धरणावरचे एक साहेब मला नेहमी आठवतात. शहरातले, धरणाकाठी बंगला, शनिवार-रविवारी पाहुणे घेऊन यायचे. होडीला त्यांनी फिश फाइंडर लावला होता आणि हे मोठाले स्पीकर. तक्रार अशी की मासे फार दिसतात, पण गळाला एक लागत नाही. मी होडीत बसलो. साहेबांनी गाणं लावलं. ढोलकीची थाप पडली की स्क्रीनवर मासा. लावणी जोरात आली तर थवाच्या थवा. आधीच्या मिस्त्रीनं काम दिसायला देखणं केलं होतं. कानाची केबल आणि स्पीकरची वायर एकाच जुडीत बांधून चापूनचोपून नेली होती. ढोलकी कानात शिरत होती. मी दोन्ही वायरी वेगळ्या काठांनी नेल्या, गाणं लावलं, स्क्रीन स्वच्छ. एकही मासा नाही.

साहेबांचा चेहरा पडला. पुढच्या आठवड्यात फोन. "मिस्त्री, पाहुणे नाराज झाले हो. आधीचंच बरं होतं." मी परत गेलो आणि वायरी परत एकत्र बांधून आलो. या धंद्यात मी मुद्दाम केलेलं वाईट काम ते एवढंच, आणि सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच झालं.

पण मला सांगायचंय ते सिंधूताई आणि पोपटराव यांच्याबद्दल. आणि त्यासाठी आधी 'अर्थ' समजून घ्यावा लागेल.

वीज बॅटरीतून निघते, दिवा लावते आणि तिला परत बॅटरीत यावं लागतं. ट्रॅक्टरला आपण जाणारी तार तेवढी ओढतो. परतीचं काम लोखंडी बॉडीच करते. त्या परतीच्या वाटेला आमच्यात अर्थ म्हणतात. "दिव्याला अर्थ नाही", "हॉर्नचा अर्थ गेलाय", "अर्थ घासून घ्या, गंजलाय", अशी वाक्यं दुकानात दिवसभर चालू असतात. एकदा एक मराठीचे प्राध्यापक गाडी दुरुस्त होईपर्यंत बाकड्यावर बसले होते. जाताना म्हणाले, "तुमच्याकडे फार वरच्या पातळीवरची चर्चा चालते." फायबरच्या होडीची गोष्ट वेगळी. फायबरमधून वीज वाहत नाही. तिथं बॉडीचा उपयोग शून्य, म्हणून प्रत्येक वस्तूला जाणारी तार वेगळी आणि परतीची वेगळी द्यावी लागते. थोडक्यात, होडीला अर्थ नसतो.

सिंधूताई आणि पोपटराव शेवगाव तालुक्यातले, जायकवाडीच्या काठावरचे. पोपटरावांच्या वडिलांचं गाव धरणात गेलं, नवं गाव वर माळावर वसलं. माळावर काय पिकतंय! लग्न झाल्यापासून दोघं ऊसतोडीला जायचे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. मुकादम विचारतो, "यंदा किती कोयते?" माणसं किती, असं कुणी विचारत नाही. दसरा झाला की बिऱ्हाड ट्रकमध्ये, आणि परत यायचं ते चैत्र-वैशाखात. मुलगी दर वर्षी निम्मी शाळा इथं आणि निम्मी कोपीवर, म्हणजे पाचटाच्या खोपटात. सिंधूताई स्वतः सातवी शिकलेल्या आहेत. मुलीचं त्यांच्याइतकंही होईना, हे त्यांच्या मनाला फार लागलेलं होतं.

मग गावात बायकांचा गट झाला आणि सरकारी योजनेतून गटाला पाण्यात तरंगणारे पिंजरे मिळाले. प्लॅस्टिकच्या चौकटी, त्यांना खाली लोंबणारी जाळी, आत पंगस आणि चिलापी जातीचे मासे. बरोबर फायबरची होडी, आणि खोक्यात दोन स्क्रीनचा फिश फाइंडर. खोकी द्यायला आलेला माणूस सही घेऊन गेला. बसवायचं कुणी, हे त्याला विचारायचं राहिलं. गटातल्या बाकीच्या बायका वर्षभरात पांगल्या. उरल्या सिंधूताई. त्यांनी त्या दसऱ्याला नवऱ्याला सांगितलं, "यंदा ट्रकमधी बसायचं न्हाई. मासं जगलं तर आपुन जगू, न्हाई तर पुढच्या साली हायेच कोयता." मुलगी त्या वर्षी पहिल्यांदा जूनपासून परीक्षेपर्यंत एकाच बाकावर बसली.

मी वायरिंगला गेलो तो दिवस माझ्या लक्षात आहे, कारण दिवसभर नवरा-बायकोचं भांडण ऐकत काम केलं. स्क्रीन पुढं लावायची की मागं? पोपटराव मागं इंजिनापाशी बसणार, त्यांना मागं हवी. सिंधूताई पुढं उभ्या राहून वाट सांगणार, त्यांना पुढं. मी म्हणालो, "अहो, दोन आहेत की." तर पोपटराव म्हणाले, "मिस्तरी, मला आकडं वाचता येत न्हाईत. पर चित्र कळतं." सिंधूताई म्हणाल्या, "मग ठरलं. आकडं मला, चित्र तुमाला." तसं केलं. मधून मेन लाइन, दोन्ही टोकांना टोपणं, पुढच्या स्क्रीनवर मोठा आकडा आणि मागच्या स्क्रीनवर नुसतं चित्र.

संध्याकाळी सगळं चालू करून दाखवलं आणि पोपटरावांना समजावून सांगितलं, "हे बघा, या होडीला अर्थ नाही. म्हणून प्रत्येकाला परतीची तार वेगळी दिलीय. यातली एकही काढायची नाही." पोपटरावांनी गंभीरपणे मान हलवली. मला वाटलं, समजलं. त्यांनी माझं पहिलंच वाक्य मनात धरून ठेवलं होतं, हे मला फार नंतर कळलं.

वैशाखात सिंधूताईंचा फोन आला. "मिस्तरी, मशीन खुळ्यावानी करतंय. हुभं ऱ्हायलं की बराबर दावतंय, होडी चालली की चार फूट. कुटंबी न्या, चारच फूट. अन् हिकडं पानी खाली चाललंय. जाळ्या तळाला टेकायला आल्यात. सकाळी मासं वर येऊन तोंड उघडत्यात." मी म्हणालो, बॅटरी बघा. बघितली होती. म्हणालो, कान शेवाळलाय का. पुसला होता. मग त्या एकदम म्हणाल्या, "तुमी या. उद्या पिंजरं हलीवलं न्हाईत तर समदं मासं जातील."

दुसऱ्या दिवशी नेमकी शनिअमावस्या. शिंगणापूरच्या गाड्यांनी आमचा सगळा रस्ता भरलेला. मी मोटारसायकल शेताशेतातून काढत कुकाण्यावरून गेलो. पोचलो तेव्हा काठावर नवरा-बायकोचं जुंपलं होतं. पोपटराव म्हणत होते, मशीन गेलं खड्ड्यात, मी अंदाजानं नेतो. सिंधूताई नाही म्हणत होत्या. अडचण अशी होती. पिंजरे न्यायचे होते गोदावरीच्या जुन्या पात्रात, तिथं उन्हाळ्यातही पाणी खोल राहतं. पण मधे जुनं गाव होतं, पाण्याखाली. पडक्या भिंती, निंबाचे बुंधे. आदल्या वर्षी दुसऱ्या एका गटाची जाळी तिथं बुंध्याला अडकून फाटली आणि सगळे मासे धरणाला मिळाले. दोराला दगड बांधून खोली बघत जावं, तर पिंजरा ओढताना होडी थांबवता येत नाही. होडी थांबली की पिंजरा वाऱ्यानं आडवा जातो.

मी काठावरून पिंजऱ्यांकडं बघितलं. पाण्याच्या वर नुसती तोंडं. मासळी न खाणाऱ्या माणसालाही ते बघवत नव्हतं.

लाइफ जॅकेट घातलं, त्याचे सगळे बंद दोनदा तपासले आणि होडीत बसलो. वल्ही मारत तिघं पिंजऱ्यांपाशी आलो. होडी उभी, इंजिन बंद, स्क्रीनवर चौदा फूट. बरोबर. इंजिन चालू केलं पण होडी हलवली नाही. तरी चौदा. म्हणजे विजेचा दोष नाही, इंजिनाचा गोंगाट कानात शिरत नाही. इथंच माझा निम्मा जीव भांड्यात पडला, कारण याचा अर्थ माझे जोड शाबूत होते. मग म्हटलं, चला. होडी निघाली आणि आकडा धाडकन चारवर. मागच्या स्क्रीनवर जाड, ठाम रेघ. बुडबुड्यांनी अशी रेघ येत नाही. खाली काहीतरी होतं आणि ते आमच्याबरोबर चालत होतं.

"पोपटराव, होडीखाली काय बांधलंय का?"

"काय न्हाई."

"दोर, नांगर, काही?"

"न्हाई म्हनलं ना. अर्थिंग तेवढं हाय."

मी विचारलं, "कसलं अर्थिंग?" पोपटरावांनी बॅटरीजवळचा जाळ्यांचा ढीग बाजूला केला. त्याखालून एक वायर निघाली होती, काठावरून, कानाच्या जरा पुढून पाण्यात उतरलेली. बॅटरीच्या बाजूला पिळून वर चिकटपट्टी. मी ती वायर हातावर घेत वर ओढली. टोकाला कोयता होता. ऊस तोडायचा, गंजलेला, शेवाळ धरलेला. होडी थांबली की तो सरळ खाली लोंबायचा, कानाच्या टापूबाहेर. होडी चालली की पाण्याच्या ओढीनं मागं सरकून बरोबर कानाखाली यायचा. आमचा चार फुटांवरचा तळ तो हाच.

"हे कुणी सांगितलं होतं?"

"तुमीच की!" पोपटराव रागावले. "होडीला अर्थ न्हाई, असं तुमी सवता म्हनला. माझ्या मनाला लागलं ते. येवढी नवी होडी अन् अर्थ न्हाई! मग मी दिला. रानात मोटर धरंना झाली की आपुन काय करतो? अर्थिंगच्या खड्ड्यात मिठाचं पानी वततो. हितं तर येवढं पानी. म्हनलं, याच्यापरीस मोठा खड्डा कुटं घावनार?"

"मीठ नाही ना टाकलं?"

"एक मूठ टाकलं."

जायकवाडीच्या धरणात एक मूठ मीठ. मला हसू आवरेना. पण सिंधूताई हसत नव्हत्या. त्या कोयत्याकडं बघत होत्या.

"ह्यो तर तुमी तुमच्या भावाला देऊन टाकला हुता ना?" त्या म्हणाल्या.

पोपटरावांनी मान खाली घातली. "हत्यार हाय. फेकून देऊ नये."

"फेका कोन म्हनलं? देऊन टाकला म्हनून सांगितलं हुतं तुमी मला."

"ठिवला. उद्या लागला तर."

त्या माणसाला होडी हवी होती, मासे हवे होते, मुलीची शाळा हवी होती. फक्त हे सगळं टिकेल यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. इतकी वर्षं दसऱ्याला ट्रकमध्ये बसलेल्या माणसाचा विश्वास एका हंगामात कसा बसावा? मला त्याचा राग आला नाही. वाईट वाटलं, आणि सिंधूताईंचं त्याहून जास्त वाईट वाटलं. वर्षभर त्या ज्याच्यापासून लांब पळत होत्या, ते होडीखाली बांधलेलं होतं.

मी वायर कापली. सिंधूताईंनी कोयता जाळ्यांवर टाकला, पदर खोचला आणि पुढं जाऊन उभ्या राहिल्या. "चला. ऊन व्हायच्या आत."

दोघांनी जाळ्या हातानं वर ओढून घेतल्या, मासे कोंडतील पण भिंतीला घासणार नाहीत इतक्या. पहिला पिंजरा जोडला. होडी निघाली. आकडा चौदा, मग पंधरा. मग स्क्रीनवर जुनं गाव यायला लागलं. आधी गावकुसाचा दगडी ढीग, मग भिंती, उभ्या, आडव्या. सिंधूताई ओरडत होत्या, "नऊ! आठ! डाव्या अंगाला घ्या, आठच हाय!" पोपटराव आकड्याकडं कान आणि चित्राकडं डोळे लावून बसले होते. आणि मग दोन भिंतींच्या मधून एक खोल पट्टा दिसायला लागला, वळत वळत खाली जाणारा. पोपटराव म्हणाले, "पांदी हाय ही. पानोठ्याची वाट. म्हातारा सांगायचा, गावातनं बैलं ह्याच वाटंनं नदीवर जायची." त्यांनी होडी त्या वाटेवर घातली. भिंती दोन्ही बाजूंनी जात राहिल्या. एका ठिकाणी आकडा सातवर आला तेव्हा मी माझ्या गळ्यातली माळ धरून बसलो होतो. मासे वाचावेत म्हणून विठ्ठलाला साकडं घालणारा मी पहिलाच माळकरी असेन, आणि तेही विकून खाल्ले जायच्या माशांसाठी. नंतर आकडा अकरा झाला, वीस झाला आणि एकदम अठ्ठावीस. नदी लागली.

तशा फेऱ्या करता करता दिवस कलला. काही मासे मेलेच. शेवटच्या पिंजऱ्यातले बरेच उलटे होऊन तरंगले होते आणि सिंधूताई ते एकेक मोजून पाटीत भरत होत्या. पण बाकीचे खाली गेले. गार पाण्यात जाळ्या सोडल्यावर स्क्रीनवर कमानी दाटून आल्या, आणि या वेळी त्या ढोलकीच्या नव्हत्या.

पावसाळ्यानंतर मला पुन्हा बोलावणं आलं, खंडेनवमीचं. आमच्या धंद्यात तो मोठा दिवस. दुकानात मी मल्टिमीटर, पकड, थिंबल दाबायचं हत्यार सगळं मांडून पूजा करतो. ती सकाळीच उरकून शेवगावकडं निघालो. मासे चांगल्या भावानं गेले होते. मुकादम आदल्याच आठवड्यात दारात येऊन गेला होता. "यंदा नाव धरू का?" म्हणाला, तर पोपटरावांनी बायकोकडं बघितलं आणि बायकोनं मुलीच्या दप्तराकडं. मुकादम चहा पिऊन गेला.

होडी धुऊन काठाला लावली होती. इंजिनाला झेंडूची माळ, दोन्ही स्क्रीनला हळदीकुंकवाची बोटं. मी मनातल्या मनात, बटणांवर नको, बटणांवर नको, असं म्हणत होतो. बाकी हत्यारांच्या शेजारी कोयताही मांडला होता, घासूनपुसून, वर कुंकू. पूजा झाली, खोबरं वाटलं. आणि सिंधूताईंनी कोयता उचलून पदराखाली घेतला. "चला, जरा आत जाऊन येऊ."

पोपटराव ओळखून होते. "अगं, हत्यार हाय. लक्षुमी हाय ती. फेकू नये."

"फेकती कोन?" सिंधूताई म्हणाल्या. "गनपती काय आपुन फेकतो? पूजा केली की इसर्जन करत्यात."

पोपटरावांनी काठाचा दोर सोडला. आम्ही निघालो. धरण भरलं होतं, जुन्या गावावरून होडी सरळ गेली, भिंती खोल खाली राहिल्या. नदीच्या पात्रावर आल्यावर पोपटरावांनी इंजिन बंद केलं. सिंधूताई मागं आल्या. कोयता कपाळाला लावला आणि अगदी अलगद, मूर्ती सोडावी तसा, कानाजवळ पाण्यात सोडला.

पाण्यात बघून काही दिसलं नाही. स्क्रीनवर मात्र एक बारीक तिरपी रेघ उमटायला लागली. वरून खाली, सरकत, सरकत. आम्ही तिघं तिच्याकडं बघत होतो. एवढं वापरलेलं लोखंड, पण खाली जायला वेळ घेत होतं.

"टेकला," पोपटराव म्हणाले. चित्र त्यांचं होतं.

सिंधूताई पुढं जाऊन आकडा बघून आल्या. "बेचाळीस." मग मला विचारलं, "मिस्तरी, उन्हाळ्यात उघडा पडंल का?"

मी म्हणालो, "नदीचं जुनं पात्र आहे, ताई. माझ्या आयुष्यात तरी ते उघडं पडलेलं मी पाहिलं नाही."

"बगा बरं का," त्या म्हणाल्या. "तुमच्या मशीनच्या भरवशावर सोडलाय."

पोपटरावांनी इंजिन चालू केलं आणि होडी काठाकडं वळवली. होडी चालली होती, आणि पुढच्या स्क्रीनवर आकडा चारवर न येता बेचाळीसच होता.